साक्षीदाराची सही

पहिला दिवस : सोमवार

सिअ‍ॅटलहून लेकीकडून निघाले ती दुपारी सॅन फ्रान्सिस्कोत उतरले. सामान घ्यायला जाताना भिंतीवर टर्मिनलचं नाव दिसलं आणि पाय थांबले. हार्वी मिल्क टर्मिनल. ज्या माणसाला १९७८ साली याच शहराच्या सिटी हॉलमध्ये गोळ्या घातल्या, त्याचं नाव २०१९ साली शहराने आपल्या दारावर लावलं. मी वाचत उभी असतानाच भाचा आला, भर गर्दीत वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, त्याला भेटायला उद्या जायचंच आहे. आधी घरी चल, जेवून घे."

भाच्याचा जोडीदार गाडीपाशी थांबला होता. दोघं नऊ वर्षं एकत्र राहताहेत. येत्या शुक्रवारी सिटी हॉलमध्ये त्यांचं लग्न आहे आणि साक्षीदार मी. दोन महिन्यांपूर्वी भाच्याने फोनवर विचारलं होतं, "मावशी, सही करशील?" मी तत्काळ हो म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले.

मी नगरपालिकेत नोकरी केली. निवृत्तीआधीची सोळा वर्षं विवाह नोंदणीच्या टेबलावर गेली. वराचा फोटो, वधूचा फोटो, लग्नपत्रिका, पत्त्याचे पुरावे, तीन साक्षीदारांच्या सह्या. हजारो लग्नं या हातांनी नोंदवली. स्वतः साक्षीदार म्हणून सही करायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

दुसरा दिवस : मंगळवार

सिव्हिक सेंटरच्या स्टेशनातून वर आलो की युनायटेड नेशन्स प्लाझा लागतो आणि समोर सिटी हॉलचा निळसर-सोनेरी घुमट दिसतो. वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलपेक्षा, म्हणजे तिथल्या संसदेच्या घुमटापेक्षा, हा उंच आहे. रस्ता ओलांडायच्या आतच भाच्याने मला ते सांगून टाकलं. या शहरातल्या लोकांना त्याचा फार अभिमान. आधीचा सिटी हॉल बांधायला २७ वर्षं लागली होती आणि १९०६ च्या भूकंपात तो बघता बघता कोसळला. आत्ताची इमारत आर्थर ब्राउन ज्युनिअर यांची, १९१५ साली उघडलेली. १९८९ च्या भूकंपाने हिलाही तडे दिले. तेव्हा सगळी इमारत पायापासून मोकळी करून तिच्याखाली रबर आणि पोलादाचे ५३० आधार बसवले, म्हणजे जमीन हादरली तरी वरचा डोलारा सावकाश डोलेल, मोडणार नाही. १९९९ साली दारं पुन्हा उघडली.

आत गेल्यावर मान आपोआप वर जाते. घुमटाखाली संगमरवरी जिना, खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला, आणि त्या जिन्यावर लग्नंच लग्नं! एक जोडपं खाली उतरतंय, दुसरं फोटोसाठी मध्येच बसलंय, तिसरं वर शपथ घेतंय. मेरिलिन मन्रो आणि बेसबॉलपटू जो डिमॅजिओ यांचं लग्न १९५४ साली याच इमारतीत झालं. मला लक्षात राहिले ते सत्तरीच्या पुढचे दोघे पुरुष. एकाचा हात कापत होता, त्यामुळे दुसरा त्याच्या कोटाला फूल टाचत होता. टाचणी दोनदा सुटली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्याने तळहाताने कोटाची छाती हलकेच थोपटली, शाळेत जाणाऱ्या पोराचं बटण लावल्यावर थोपटतात तशी.

परवान्यासाठी आमची वेळ साडेदहाची होती. काउंटर पाहिल्यावर मला माहेरी आल्यासारखं वाटलं. काच, काचेखालची फट, पलीकडे शिक्क्यांचा स्टँड, आणि मान वर न करता "पुढचे" म्हणणारी बाई. दोघांनी स्वतः हजर राहायचं, फोटो असलेली ओळखपत्रं दाखवायची. परवाना मिळाला की ९० दिवसांच्या आत लग्न करायचं. तीस दिवसांची नोटीस नाही, बोर्डावर नावं लावणं नाही. आपल्याकडे विशेष विवाह कायद्याच्या त्या तीस दिवसांत नोटीस बोर्डावर कोणाकोणाच्या काकांनी नावं वाचली आणि पुढे काय झालं, हे मला पुष्कळ ठाऊक आहे.

मग भाच्याने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, "मावशी, तुझ्या नजरेतून एकदा बघ ना, चूक नको." मी चष्मा लावला. वराचा रकाना शोधला, वधूचा शोधला. तिथे लिहिलं होतं 'पहिली व्यक्ती' आणि 'दुसरी व्यक्ती'. कोणाला वर किंवा वधू म्हणून नोंद हवी असेल तर खूण करायला बारीक चौकोन होते. हवं असेल तरच.

आता ते सांगते, ज्यासाठी त्या दिवशी फोन ठेवून बसून राहिले होते. माझ्या नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं राहिली असतील. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, गर्दी नसताना, दोन बायका आल्या. तिशीतल्या असतील. एकीने विचारलं, "मॅडम, आमची नोंदणी होईल का?" मला आधी कळलंच नाही. कळल्यावर मी म्हटलं, "नियमात बसत नाही." आवाज चढवला नाही, अपमान केला नाही, पण त्यांनी हातात घेतलेला कोरा फॉर्म परत मागून घेतला. तो फॉर्म फुकट मिळायचा. त्यांच्याकडे राहिला असता तरी कोणाचं काही बिघडणार नव्हतं. दुसरीने तो घडी पडू न देता काउंटरवर सपाट ठेवला आणि दोघी गेल्या. पुढे २०१८ च्या ६ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले तेव्हा मला त्या आठवल्या. २०२३ च्या १७ ऑक्टोबरला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, तेव्हाही आठवल्या. हे मी भाच्याला कधी सांगितलं नव्हतं. तिथेच काउंटरसमोरच्या बाकावर बसून सांगितलं. तो काही बोलला नाही, नुसता माझा हात धरून बसला.

या सिटी हॉलमध्ये रकाने कसे बदलले, त्याची गोष्ट तिथून उठल्यावर भाच्याच्या जोडीदाराने सांगितली. २००४ चा फेब्रुवारी. महापौर गॅव्हिन न्यूसम यांना पदावर येऊन जेमतेम महिना झाला होता. त्यांनी परवाने देणाऱ्या कार्यालयाला कळवलं की समलिंगी जोडप्यांनाही परवाने द्या आणि त्यासाठी कागदपत्रांत काय बदल लागतील ते करा. मग 'वर' आणि 'वधू' हे शब्द काढून 'पहिला अर्जदार' आणि 'दुसरा अर्जदार' असं छापलं. १२ फेब्रुवारीला पहिलं लग्न लागलं डेल मार्टिन आणि फिलिस लायन यांचं. तेव्हा डेल ८२ वर्षांच्या होत्या, फिलिस ७९ च्या; एकत्र राहायला लागून ५१ वर्षं झाली होती. बातमी फुटली आणि इमारतीभोवती रांग लागली. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी होती, तरी कर्मचारी सुट्टी सोडून कामावर आले. पाऊस पडत होता, लोक रात्रभर रांगेत उभे राहिले. देशाच्या दुसऱ्या टोकाची अनोळखी माणसं फुलवाल्यांना फोन करून सांगत होती, 'रांगेतल्या कुठल्याही जोडप्याला द्या.' ११ मार्चला न्यायालयाने काम थांबवायला सांगितलं, तोवर सुमारे चार हजार लग्नं नोंदवून झाली होती.

सुट्टीच्या दिवशी कामावर येणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. निवडणुकीला आलोय, जनगणनेला आलोय. तेव्हा हुकूम असायचा. ही माणसं हुकमाशिवाय आली होती.

आणि १२ ऑगस्टला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सगळी लग्नं रद्द ठरवली. कायदा घटनेत बसतो की नाही हे त्यांनी तेव्हा तपासलंच नाही. एवढंच म्हटलं की कायदा बाजूला ठेवायचा अधिकार शहराच्या अधिकाऱ्यांना नाही. प्रत्येक जोडप्याला तसं कळवा आणि फी परत द्यायची तयारी दाखवा, असा आदेश झाला. ते पत्र मी मनातल्या मनात टाइप करून पाहिलं. विषय, संदर्भ, महोदया. पुढची ओळ काही सुचेना.

जिन्याच्या वरच्या टोकाला हार्वी मिल्क यांचा अर्धपुतळा आहे. २००८ च्या २२ मे रोजी, त्यांच्या वाढदिवशी, बसवलेला. वारा सुटल्यासारखा टाय उडालेला, चेहऱ्यावर मोकळं हसू. माणूस आत्ताच कोणाची तरी हाक ऐकून वळलाय असं वाटतं. मिल्क १९७७ साली सुपरवायझर म्हणून निवडून आले. सुपरवायझर म्हणजे आपला नगरसेवक म्हणा. आपलं समलिंगी असणं न लपवता कॅलिफोर्नियात निवडणूक जिंकलेला हा पहिला माणूस. जानेवारी १९७८ मध्ये शपथ घ्यायला ते कॅस्ट्रो भागातून जोडीदाराचा हात धरून चालत या इमारतीत आले. नोकरीत आणि घर भाड्याने देताना समलिंगी माणसांशी भेदभाव करायला मनाई करणारा ठराव त्यांनी पुढे आणला. विरोधात एकच मत पडलं, डॅन व्हाइट यांचं. महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांनी सही केली ती मिल्क यांनी हातात दिलेल्या फिकट निळ्या पेनाने.

त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला डॅन व्हाइट या इमारतीत शिरले. आधी सुपरवायझरपदाचा राजीनामा दिला होता, तो त्यांना मागे घ्यायचा होता आणि महापौर तयार नव्हते. दारावर धातुशोधक यंत्र होतं म्हणून ते तळाच्या एका खिडकीतून आत आले. आधी मॉस्कोनी यांना त्यांच्या दालनात मारलं, मग इमारतीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन मिल्क यांना. पुतळ्यापासून दोन्हीकडे जाणारे दालनांचे दरवाजे दिसतात. मी दोन्हीकडे चालत गेले नाही. पुतळ्यापाशीच थांबले. खालून टाळ्यांचा आवाज आला, कोणाचं तरी लग्न लागलं होतं.

तिसरा दिवस : बुधवार

कॅस्ट्रोला जायला मार्केट स्ट्रीटवरून जुन्या ट्राम धावतात. आम्हाला मिळाली ती मिलान शहरातून आणलेली. लाकडी बाकं, पितळी दांडे, वळणावर अंगाखांद्याला झोके. शेवटच्या थांब्यावर उतरलं की भलामोठा सप्तरंगी झेंडा दिसतो. हे सप्तरंगी म्हणणं फक्त सवयीचं. गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७८ साली बनवलेल्या मूळ झेंड्यात आठ पट्टे होते, आता सहा आहेत. गडद गुलाबी गेला, फिरोजी गेला.

थांब्याजवळच एक लहानसा त्रिकोणी बगीचा आहे. तिथे ग्रॅनाइटचे १५ खांब आहेत. नाझींच्या छळछावण्यांत डांबलेल्या समलिंगी पुरुषांची संख्या अंदाजे पंधरा हजार धरतात, दर हजारामागे एक खांब. छावणीत त्यांच्या कपड्यावर गुलाबी त्रिकोण शिवलेला असे. भाचा म्हणाला, "मावशी, इथे १९८६ साली आपल्याकडच्या मुलांनी एक संस्था काढली. नाव काय ठेवलं सांग? त्रिकोण." मला क्षणभर काही बोलता येईना. इतक्या दूर, त्या काळात, कोणीतरी आपल्या भाषेतला शब्द शोधला होता. भाचा नवीन आला तेव्हा त्या नावामुळेच पहिल्यांदा धीर आला, असं त्याने सांगितलं.

कॅस्ट्रो स्ट्रीटवर ५७५ नंबरला मिल्क यांचं कॅमेऱ्याचं दुकान होतं. कोपऱ्यावरचं ट्विन पीक्स टॅव्हर्न १९७२ साली दोन मैत्रिणींनी घेतलं आणि रस्त्याकडेच्या बाजूला पूर्ण काचा बसवल्या. तोवर असे बार खिडक्या झाकून चालायचे, आत कोण बसलंय ते बाहेर दिसू नये म्हणून. आम्ही गेलो तेव्हा खिडकीशी चार म्हातारे पत्ते खेळत होते, रस्त्याकडे तोंड करून.

अठराव्या रस्त्यावर जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटीचं संग्रहालय आहे. आपल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकएवढी जागा, पण मी तिथे तीन तास होते. १९७८ च्या मूळ झेंड्याचा एक तुकडा काचेमागे लावलाय. रंग अजून टवटवीत, कडा मात्र विटलेल्या. सिटी हॉलपासून हाकेच्या अंतरावर, ३३० ग्रोव्ह स्ट्रीटवरच्या एका केंद्रात स्वयंसेवकांनी कचऱ्याच्या पिंपांत रंग कालवून ते कापड रंगवलं. त्यांतले आठ रंग आणि त्यांचे अर्थ मी वहीत लिहून घेतले. हिरवा निसर्गाचा, पिवळा उन्हाचा, नारिंगी बरं होण्याचा, लाल आयुष्याचा. बरं होण्यासाठी एक वेगळा रंग ठेवावासा वाटला, हे मला फार जवळचं वाटलं.

या संस्थेच्या संग्रहात डेल आणि फिलिस यांचे लग्नातले सूट आहेत. एक फिरोजी, एक जांभळट. २००४ च्या लग्नात घातलेले. ते लग्न रद्द झालं, सूट कपाटात गेले. २००८ च्या मे महिन्यात कॅलिफोर्नियाच्या त्याच सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांचा लग्नाचा हक्क मान्य केला आणि १६ जूनला सिटी हॉलमध्ये पहिलं लग्न पुन्हा या दोघींचंच लागलं. ८७ वर्षांच्या डेल चाकाच्या खुर्चीत होत्या. दोघींनी तेच सूट घातले. चार वर्षांत नवे कपडे घेता आले असतेच. पण जे कपडे एकदा खोटे ठरवले गेले, तेच घालून त्या पुन्हा त्या जिन्यापाशी आल्या. ऑगस्टच्या २७ तारखेला डेल गेल्या, कायद्याने विवाहित म्हणून. नोव्हेंबरमध्ये प्रपोझिशन ८ नावाच्या जनमताने दार पुन्हा बंद झालं आणि उघडलं ते थेट २०१३ च्या जून महिन्यात.

या दोघींनी १९५५ साली आणखी सहा जणींबरोबर 'डॉटर्स ऑफ बिलिटिस' ही समलिंगी स्त्रियांची संघटना याच शहरात काढली होती. त्या काळी अशा बायकांना नोकरीतून काढणं साधी गोष्ट होती. संध्याकाळी ट्रामच्या लाकडी बाकावर मी भाच्याला विचारलं, "त्या दोघी कुठे राहायच्या?" "नोए व्हॅलीत, इथून जवळच. जायचंय?" मी नको म्हटलं. कोणाच्या घराबाहेर उभं राहून बघणं मला पटत नाही.

चौथा दिवस : गुरुवार

सकाळी टेंडरलॉइनमध्ये गेलो. सिटी हॉलपासून चालत दहा-बारा मिनिटं. गरिबीचा भाग, फुटपाथवर माणसं झोपलेली. टेलर आणि टर्क या रस्त्यांच्या कोपऱ्यावर काँप्टन्स कॅफेटेरिया होतं. १९६६ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री पोलिसाने एका पारलिंगी स्त्रीचा दंड धरला आणि तिने हातातली कॉफी त्याच्या तोंडावर फेकली. मग टेबलं उलटली, काचा फुटल्या, भांडण रस्त्यावर आलं. न्यू यॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये पोलिसांविरुद्ध झालेल्या प्रसिद्ध उठावाआधी तीन वर्षं. तारीख मात्र कोणाला सांगता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी बातमी छापली नाही. इतिहासकार सुझन स्ट्रायकर यांनी ती गोष्ट पुढे शोधून काढली. २०१७ साली शहराने या भागाला पारलिंगी समाजाचा सांस्कृतिक विभाग म्हणून मान्यता दिली. नोंद ठेवण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला हे ऐकून कसं वाटलं असेल, कल्पना करा.

संध्याकाळी मी हट्ट धरला की कॅस्ट्रोपासून सिटी हॉलपर्यंत चालत जायचं. पावणेतीन किलोमीटर असेल, उताराचं आहे. मिल्क आणि मॉस्कोनी यांची हत्या झाली त्या रात्री हजारो लोक हातात मेणबत्त्या घेऊन याच वाटेने, जवळजवळ न बोलता, चालले. पुढच्या मे महिन्यात ज्युरीने डॅन व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष दिला, सात वर्षं आठ महिन्यांची शिक्षा. त्या रात्री, २१ मे १९७९ ला, हेच लोक संतापून आले, सिटी हॉलच्या दाराच्या काचा फोडल्या, पोलिसांच्या गाड्या पेटवल्या. दुसऱ्या दिवशी मिल्क यांचा वाढदिवस होता. कॅस्ट्रोत पुन्हा हजारो जमले आणि गाणी म्हणून शांतपणे घरी गेले. १९८५ च्या मेणबत्ती मोर्चात एड्सने गेलेल्यांची नावं पुठ्ठ्यांवर लिहून लोकांनी जवळच्या सरकारी इमारतीच्या भिंतीवर चिकटवली. क्लीव्ह जोन्स यांना ती भिंत गोधडीसारखी दिसली आणि त्यातून एड्स मेमोरिअल क्विल्ट सुरू झाली, प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावाचा एक तुकडा. आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी का टाकवत नाही, ते ज्याला कळतं त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. भाच्याचा जोडीदार पायऱ्यांवर बसला आणि म्हणाला, "मावशी, उद्या सकाळी मला घाबरायला झालं तर?" तो मला मावशी म्हणतो, अगदी स्पष्ट 'व' लावून. मी म्हटलं, "घाबर की. सगळेच घाबरतात. मी सोळा वर्षं बघितलंय."

पाचवा दिवस : शुक्रवार

भाच्याने बंदगळा घातला होता, जोडीदाराने करडा सूट. मी बहिणीची पैठणी नेसले. भाच्याची आई जाऊन सहा वर्षं झाली. ही साडी तिने मला दिली नव्हती, तिच्यामागे माझ्याकडे आली. बाकी सोबत त्यांचे तीन मित्र.

काळ्या झग्यातल्या अधिकारी बाई आम्हाला जिन्याने वर घेऊन गेल्या. मिल्क यांचा पुतळा उजव्या हाताला होता. शपथ चार-पाच मिनिटांत झाली. भाच्याचा आवाज मध्येच बसला, तेव्हा जोडीदाराने अंगठ्याने त्याच्या मनगटावर दोन टिचक्या मारल्या आणि तो पुढे बोलला. मी पदराच्या गाठीत अक्षता आणल्या होत्या. संगमरवरावर तांदूळ सांडले तर कोणी घसरेल म्हणून टाकल्या नाहीत, दोघांच्या खिशात थोड्या थोड्या घातल्या.

मग कागद समोर आला. अधिकारी बाईंनी सांगितलं, काळ्या शाईनेच, आणि खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर कागद बाद. मला हे सांगायची गरज नव्हती, तरी ऐकताना बरं वाटलं. पहिली व्यक्ती, दुसरी व्यक्ती, जन्मतारखा, आईवडिलांची नावं. मी प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. बहिणीच्या नावाचं स्पेलिंग तपासलं. बरोबर होतं.

"सही तुमच्या भाषेत केली तरी चालेल," बाई म्हणाल्या. मी आयुष्यभर मराठीतच सही करत आले आहे. साक्षीदाराच्या रकान्यात केली, खाली त्यांच्या लिपीत नाव लिहिलं, पत्ता लिहिला. मग निघता निघता बाईंना विचारलं, या फॉर्मची एखादी कोरी प्रत मिळेल का, नमुना म्हणून. त्यांनी खणातून काढून दिली. घडी पडू नये म्हणून मी ती वहीत ठेवली आहे.